दुसऱ्याचे मन ओळखणारे साने गुरुजी



परीक्षेतील गुणांवरून बुद्धी मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. परंतु आलेला राग ओळखून आवरणे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे जाणणे आणि आपले दुःख योग्य माणसाजवळ बोलणे, ही देखील बुद्धीच आहे. तिला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. १९९५ साली अमेरिकेतील डॅनियल गोलमन यांचे या विषयावरील पुस्तक आले आणि हा शब्द जगभर पोहोचला. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे. ती ज्यांच्या जीवनात पाहायला मिळते, त्या साने गुरुजींची ओळख आज करून घेऊ या.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. बालपण गरिबीत गेले. आई यशोदाबाई यांनीच त्यांच्या मनाची मशागत केली. १९१७ साली आई वारली, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. ही वेदना त्यांनी आयुष्यभर जपली, पण तिचा कडवटपणा होऊ दिला नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती याच वेदनेतून.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहही सांभाळू लागले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना काय हवे असते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते. मुलांच्या खोल्या अस्वच्छ दिसल्या तर ते रागावत नसत, स्वतः झाडू हाती घेत. पसरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. कोणी आजारी पडले तर उशाशी बसत. मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. जे काम शिक्षेने झाले नसते ते मुलांच्या मनाला लाज वाटून झाले. आपण शिक्षक मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले व तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. मन लावून ऐकणे हा भावनिक बुद्धीचा पायाच आहे.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा दक्षिणेतील निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कैद्यांशी सहवास घडला. आपल्याला एकमेकांच्या भाषा येत नाहीत, याची त्यांना खंत वाटली. ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. याच विचारातून पुढे ‘आंतरभारती’ची कल्पना जन्मली : प्रत्येकाने शेजाऱ्याची भाषा शिकावी, म्हणजे त्याचे मनही कळेल.

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी हिंदी चालते. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पहिले काही महिने चूक होईल या भीतीने मी वर्गात तोंडच उघडत नसे. एक दिवस एका कन्नड भाषक मित्राने मोडक्यातोडक्या मराठीत मला विचारले, जेवण झाले का? त्या एका प्रश्नाने माझी भीती गेली. म्हणून तुमच्या वर्गात कोणी अडखळत बोलला तर त्याला हसू नका.

आपल्या भागातून दरवर्षी वारकरी पंढरपूरला जातात. त्या विठ्ठलमंदिरात एके काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. दाराबाहेर थांबवलेल्या माणसाचे दुःख गुरुजींना सहन झाले नाही. त्यांनी गावोगाव दौरा करून लोकांची मने वळवली आणि १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस उपोषण केले. मंदिर सर्वांना खुले झाले. त्यांनाही संताप आला होता, पण त्यांनी तो कोणाच्या अपमानासाठी वापरला नाही.

आता एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. इतरांचे अश्रू पुसणाऱ्या या माणसाच्या मनातील अंधार कोणाला वेळीच दूर करता आला नाही. यात त्यांचा कमीपणा नाही. परंतु आपण धडा घ्यायला हवा. दुसऱ्याचे दुःख ओळखणे ही अर्धी शिकवण झाली, आपले दुःख बोलून दाखवणे ही उरलेली अर्धी.

म्हणून मुलांनो, नापास झालात, घरी भांडण झाले, कोणी चिडवले, तर मनात ठेवू नका. आईला, आजीला, गुरुजींना, बाईंना सांगा. माझ्या खोलीचे दार तुमच्यासाठी उघडे आहे. घरी बोलणे जमत नसेल तर १४४१६ या सरकारच्या मोफत क्रमांकावर बोला. आणि पालकहो, मूल शाळेतून आले की किती गुण मिळाले, हे विचारण्याआधी आज दिवस कसा गेला, एवढे विचारा. उत्तर मिळेपर्यंत थांबा.

आपला,
मुख्याध्यापक