बांचं दुखणं आणि बंद फाटक

पुण्याला नणंदेकडे गेले की नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये माझी एक चक्कर होतेच. देखणी इमारत, मोठी बाग. इथं कुणी कैदेत होतं हे खरंच वाटत नाही! मी मात्र दरवेळी फाटकापाशी थबकते.

कस्तुरबा आपल्याला गांधीजींची सावली म्हणूनच ठाऊक. पण तुरुंग त्यांनी स्वतःच्या हिमतीवर भोगला होता. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत तीन महिन्यांची सक्तमजुरी करून सुटल्या, तेव्हा अंगावर नुसती हाडं उरली होती. ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत गांधीजींना पकडलं, तर त्यांच्याऐवजी शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला या निघाल्या. वय त्र्याहत्तर! त्यांनाही अटक झाली. आधी आर्थर रोड, मग हा पॅलेस.

१९४३च्या अखेरीस हृदयाचं दुखणं बळावलं. धाप लागायची, आडवं होता यायचं नाही. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर उशाशी होते, पण तेही कैदीच. निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहता पुण्यातलेच, तरी त्यांना आत आणायला मागणीवर मागणी करावी लागली. बांना वैद्याचं औषधही हवं होतं. आपल्या आजीला नाही का, शेवटी ओळखीचा काढाच हवासा वाटतो? पण तिथंही परवानगीची वाट बघणं आलंच.

फेब्रुवारी १९४४मध्ये लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले. दिवसा तपासा, रात्री मात्र आत थांबायचं नाही! आता दुखणं रात्रीच उठतं, हे घरात आजारी माणूस सांभाळलेल्या कुठल्याही बाईला विचारा. वैद्यबुवा फाटकाबाहेर मोटारीत झोपू लागले. रात्री गरज पडली की पहारेकऱ्यांना उठवा, मग वैद्यांना आत आणा. गांधीजींनी सरकारला कडक पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्यांना आत राहू दिलं.

थोड्याच दिवसांत वैद्यांनी हात टेकले. मुलगा देवदासने पेनिसिलिन मागवलं होतं, ते मात्र गांधीजींनीच नको म्हटलं. आता तिला सुयांनी छळू नये, असं त्यांना वाटलं. मुलाच्या मनाचं काय झालं असेल, मला अजून कळत नाही.

२२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बा गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या. त्यांना शक्य ती सगळी वैद्यकीय मदत मिळाली होती, असं मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत सांगण्यात आलं. गांधीजींनी ते खोडून काढलं. अजून कैदेतच होते ते. तिथूनच त्यांनी सरकारला लिहून कळवलं, कुठली मदत किती उशिरा मिळाली ते.