टायरमधली हवा कोणी आणली? जॉन डनलॉप यांची गोष्ट आणि तुमच्या कारचा पीएसआय

डनलॉप हे नाव तुम्ही टायरवर कधी ना कधी वाचलं असेलच. पण हे गृहस्थ ना इंजिनिअर होते, ना रबराचे व्यापारी. जॉन बॉइड डनलॉप हे चक्क जनावरांचे डॉक्टर होते!

जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातला. शिक्षण एडिंबरात झालं आणि पुढे आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना चांगला चालू लागला. घरी लहान मुलगा जॉनी आणि त्याची तीनचाकी सायकल. त्या काळी चाकांवर भरीव रबर असायचं आणि रस्ते दगडी, त्यामुळे पोरगं नुसतं हादरायचं. १८८७ मध्ये डनलॉप यांनी पातळ रबराची नळी बनवली, लाकडी चकतीभोवती कापडाने पक्की केली आणि तिच्यात पंपाने हवा भरली.

मग अंगणात जो प्रयोग झाला, तो मला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो. आधी त्यांनी सायकलचं जुनं चाक ढकललं. ते थोडं जाऊन आडवं पडलं. मग हवेची चकती ढकलली, तर ती अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आपटली आणि उसळून मागे आली!

असं का झालं? भरीव चाक प्रत्येक खड्ड्याला अख्खं उचललं जातं, त्यात जोर वाया जातो. हवेचं चाक फक्त खड्ड्यापुरतं दबतं आणि पुन्हा फुगतं. म्हणजे वजन पेलते ती मुख्यतः हवा. रबर तिला धरून ठेवतं, एवढंच.

डिसेंबर १८८८ मध्ये पेटंट मिळालं. मे १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टमध्ये हेच टायर लावून शर्यती जिंकल्या आणि हार्वे ड्यू क्रॉस यांनी डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. पण १८९० मध्ये पेटंट रद्द ठरलं, कारण रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. डनलॉप काही वर्षांनी कंपनीतून बाहेर पडले. १९२१ मध्ये डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. नाव जगभर गेलं, पण मोठी संपत्ती काही त्यांच्या हाती आली नाही. मला तरी याचं वाईट वाटतं.

आता तुमच्या कारकडे येऊ. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप कमी होते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, तापते आणि इंधनही जास्त जातं. हायवेच्या वेगात ही उष्णता साठत जाते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. नुसतं बघून हवा कळत नाही हं, आजकालचे टायर हवा बरीच कमी असली तरी ठीकच दिसतात.

म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. फोनमध्ये रिमाइंडर लावून टाका, अर्धा मिनिट लागतो. किती हवा हवी, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. फुल लोडसाठी वेगळा आकडा असतो, तोही बघा. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी भरू नका. तपासताना टायर थंड हवा, म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असलेली बरी. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला, तर हवा सोडू नका.

आणि हो, स्टेपनीसुद्धा तपासा. (हे नाव वेल्समधल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलंय, तिथे सुटं चाक बनवणारी कंपनी होती.) डिकीत पडून पडून तिची हवाही कमी होते, आणि ते कळतं नेमकं रात्री, भर रस्त्यात.