टुसिटाला

स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर रात्री जहाजांना वाट दाखविणारी अनेक दीपगृहे स्टीव्हन्सन घराण्यातील अभियंत्यांनी बांधली. त्याच घराण्यात, एडिंबरो शहरी, १३ नोव्हेंबर १८५० रोजी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा जन्म झाला. मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा ही वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन लेखणीत रमले होते, आणि त्याची प्रकृती तर लहानपणापासूनच नाजूक होती. थंडी पडली की खोकला सुरू होई. पुढे पुढे खोकल्याबरोबर रक्तही पडू लागले. त्याच्या आयुष्यातील कितीतरी महिने अंथरुणातच गेले.

१८८० मध्ये त्याने फॅनी नावाच्या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती व तिला पहिल्या विवाहापासूनची मुले होती. त्यांपैकी लॉइड या मुलासाठी स्टीव्हन्सनने १८८१ च्या पावसाळी सुट्टीत एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला. त्या नकाशातूनच 'ट्रेझर आयलंड' ही जगप्रसिद्ध कादंबरी जन्मास आली. दक्षिणेकडील दूरच्या समुद्रातील बेटे मात्र लेखकाने तोवर पाहिलीही नव्हती!

१८८७ मध्ये वडील वारले. हवापालटासाठी स्टीव्हन्सन अमेरिकेस गेला, पण तेथील बर्फाळ हिवाळाही त्याला मानवला नाही. आता एकच उपाय उरला होता, तो म्हणजे उष्ण प्रदेशातील समुद्रावरची हवा. फॅनीने सॅन फ्रान्सिस्कोकडे जाऊन शोध केला आणि 'कास्को' नावाचे दोन डोलकाठ्यांचे सुबक शिडाचे जहाज मिळत असल्याची तार पतीस धाडली. वारशाने आलेल्या पैशातून सुमारे २००० पौंड या सफरीस लावण्याचे स्टीव्हन्सनने ठरविले. इतके करून जर प्रकृती सुधारली नाही, तर पुढे काय करावयाचे, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

२८ जून १८८८ रोजी 'कास्को'ने नांगर उचलला. बरोबर लॉइड होता, एक दासी होती आणि साठीला आलेल्या सासूबाईही होत्या! आश्चर्य असे की, जो रोगी म्हणून निघाला त्याला समुद्राचा काडीमात्र त्रास झाला नाही. उलट त्याला घेऊन निघालेल्या फॅनीलाच बोट लागली. समुद्र तिला कधीच आवडला नाही. तरीही पतीचा चेहरा दिवसेंदिवस उजळत आहे हे पाहून ती वर्षानुवर्षे या बेटावरून त्या बेटावर जात राहिली.

एका महिन्याने, २८ जुलैच्या पहाटे, मार्केसास बेटांतील नुकूहिवाचे डोंगर क्षितिजावर दिसू लागले. तेथून जहाज पौमोटू बेटांकडे वळले. ही बेटे प्रवाळांची. मध्ये शांत पाण्याचे सरोवर व भोवती जमिनीचे अरुंद कडे, अशी त्यांची रचना असते. ती इतकी सखल असतात की दुरून केवळ नारळीचे शेंडे दिसतात. शिवाय भोवतालचे प्रवाह फसवे. त्यामुळे त्या काळी खलाशी या भागास फार भीत असत.

ताहिती बेटावर मात्र संकट ओढवले. स्टीव्हन्सनला पुन्हा जोराचा ताप आला व रक्त पडू लागले. फॅनीने एक गाडी मिळवून त्याला तौतिरा या गावी हलविले. तेथील मोए नावाच्या राजकन्येने त्याची शुश्रूषा केली आणि ओरी नावाच्या प्रमुखाने आपले घर या पाहुण्यांना दिले. इतक्यात कळले की जहाजाच्या डोलकाठ्या आतून कुजलेल्या आहेत. भर समुद्रात एखाद्या वादळाने त्या मोडल्या असत्या तर सर्वांनाच जलसमाधी मिळाली असती! दुरुस्तीसाठी जहाज पापीते बंदरी गेले आणि आठवड्यांमागून आठवडे परतले नाही. जवळचे पैसे संपले, शिधा संपला. तेव्हा ओरीने या परक्या कुटुंबाला आपल्या घरचे अन्न खाऊ घातले. अखेर खवळलेल्या समुद्रातून तो स्वतः होडीने पापीतेस गेला व सामान आणि बातमी घेऊन आला. तेथील चालीप्रमाणे दोघा मित्रांनी आपापली नावे अदलाबदल केली. ताहिती भाषेत 'ल' हा वर्ण नाही, म्हणून 'लुई'चे 'रुई' होऊन ते ओरीचे नाव झाले.

नाताळच्या दिवशी त्यांनी तौतिरा सोडले. होनोलुलूस पोहोचल्यावर 'कास्को' परत करण्यात आले व सासूबाई मायदेशी गेल्या. पतिपत्नी मात्र जून १८८९ मध्ये 'इक्वेटर' नावाच्या व्यापारी गलबतावर चढली. या गलबताने त्यांना गिल्बर्ट बेटांत नेले. तेथील अपेमामाचा राजा टेम्बिनोका हा मोठा करडा. गोऱ्या माणसांस तो आपल्या बेटावर सहसा राहू देत नसे. पण या पाहुण्यांची नीट पारख केल्यावर त्याने त्यांना राहावयास घरे दिली.

डिसेंबर १८८९ मध्ये ती सामोआस आली. थंड प्रदेशात परतलो तर जगणार नाही, हे स्टीव्हन्सनला उमजले होते. त्याने आपिया गावाजवळ तीनशे एकरांहून अधिक रान विकत घेतले व तेथे घर बांधले. सामोअन लोक त्याला टुसिटाला, म्हणजे कथा लिहिणारा, म्हणू लागले. तेथील परकीय सत्ताधीशांच्या अन्यायाविरुद्ध तो निर्भयपणे लिही. १८९३ च्या युद्धानंतर काही सरदार तुरुंगात पडले, तेव्हा त्याने त्यांना अन्न पोहोचविले. सुटल्यावर त्या सरदारांनी १८९४ मध्ये त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. आपल्या हातांनी बांधला, हे विशेष. कारण असे काम सरदारांस कमीपणाचे वाटे.

त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या संध्याकाळी फॅनीला स्वयंपाकात मदत करीत असता तो एकाएकी कोसळला. ज्या छातीची आयुष्यभर धास्ती होती, तिने नव्हे, तर मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. वय अवघे ४४ वर्षांचे. रातोरात सामोअन लोकांनी वाएआ पर्वतावर झाडी तोडून वाट केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून शिखरावर नेले.

फॅनी १९१४ मध्ये अमेरिकेत वारली. पुढील वर्षी तिच्या मुलीने तिच्या अस्थी समुद्रमार्गे सामोआस आणल्या आणि त्याच शिखरावर, पतीच्या समाधीत, ठेवल्या.