काढ्याला नियम लावणारा वैद्य

हॉस्टेलवर सर्दी-ताप आला की घरून फोन ठरलेला. दालचिनी, ज्येष्ठमध टाक, काढा कर आणि पी! पण किती प्यायचा, कधी थांबायचं, कोणी पिऊ नये? चीनमधल्या झांग झोंगजिंग या वैद्यानं सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नेमकं हेच लिहून ठेवलं.

हान राजवट कोसळत होती. नानयांग भागातल्या झांगचं खटलं मोठं, दोनशेहून जास्त माणसांचं. इ.स. 196 नंतर दहा वर्षंही झाली नाहीत, तोवर त्यातली दोन तृतीयांश माणसं गेली. दहांतली सात थंडी बाधून येणाऱ्या तापानं. घरचीच माणसं अशी जाताना बघून झांग जुने ग्रंथ घेऊन बसला आणि त्यानं स्वतःचा सोळा भागांचा ग्रंथ लिहिला.

त्यातला एक काढा आजही प्रसिद्ध आहे. माहुआंग नावाचं झुडूप, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, जर्दाळूच्या बियांचा गर आणि ज्येष्ठमध. ताप, थंडी, अंगदुखी, धाप आहे, पण घाम येत नाही, अशांसाठी हा काढा. घाम येत असेल तर काढा वेगळा, त्यावर गरम पेज आणि अंगावर पांघरूण. एका मात्रेत गुण आला की पुढची घ्यायची नाही. घसा कोरडा पडलेल्यांना किंवा नाकातून रक्त येणाऱ्यांना घाम आणणारं औषध द्यायचंच नाही!

विषाणू तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. 1885 मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानं माहुआंगमधून एफेड्रिन वेगळं काढलं. त्यानं श्वासनलिका मोकळ्या होतात, पण रक्तदाब वाढतो, हृदयाची धडधडही वाढते. वजन घटवायला लोक ते सर्रास घेऊ लागले, तेव्हा 2004 मध्ये अमेरिकेनं अशा सप्लिमेंट्सवर बंदी घातली. ज्येष्ठमधही फार दिवस, फार प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो.

म्हणजे श्वास मोकळा होणं वेगळं आणि विषाणू मरणं वेगळं. लॅबमधल्या काचेच्या बशीत एखाद्या अर्कानं विषाणू रोखला, म्हणून तो माणसाच्या शरीरातही रोखेल असं नाही. त्यासाठी माणसांवर रीतसर चाचण्या लागतात. जपानमध्ये फ्लूसाठी हा काढा आजही दिला जातो, पण तो डॉक्टर लिहून देतात.

झांगचा ग्रंथ युद्धांत विखुरला. वांग शुहे या वैद्यानं तो गोळा केला, म्हणून उरला. पुढच्या वेळी काढ्याचा फोन आला, तर पातेलं चढवण्याआधी झांगचे प्रश्न विचारा. कोणाला, किती आणि कधी थांबायचं?