फारो दुसरा रामसेस

पेसाहच्या रात्री सेदेरला बसलो की फारोचे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी येते. तो कोणता फारो, हे तोरा सांगत नाही. मात्र शेमोथच्या आरंभी आपल्या पूर्वजांनी पीथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधल्याचा उल्लेख आहे. त्यावरून अनेक विद्वान दुसऱ्या रामसेसकडे बोट दाखवितात. पक्का पुरावा नाही. तरी या राजाचे चरित्र, विशेषतः मरणानंतरचे, मनन करण्याजोगे असल्यामुळे आम्ही ते येथे थोडक्यात देत आहोत.

पहिल्या सेतीचा हा मुलगा इ.स.पू. १२७९ च्या सुमारास गादीवर बसला व त्याने ६६ वर्षे राज्य केले. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास कादेश येथे हित्ती लोकांशी त्याची मोठी लढाई झाली. ती निर्णायक ठरली नाही, पण त्याने देवळांच्या भिंतींवर आपलाच विजय कोरवून घेतला. पुढे सुमारे १५ वर्षांनी त्याच हित्तींशी त्याने तह केला. त्याने स्वतःच्या नावाची राजधानी वसविली आणि अबू सिंबेल येथे डोंगर कोरून आपल्या चार प्रचंड मूर्ती बसविल्या. इ.स.पू. १२१३ च्या सुमारास, नव्वदीच्या घरात असताना तो मरण पावला.

देह टिकला तरच परलोकात जीवन मिळते, अशी मिसरी लोकांची श्रद्धा होती. म्हणून ते डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी बाहेर काढीत आणि वाळवून जपून ठेवीत. त्यासाठी पुष्कळदा चार निरनिराळे रांजण असत. मेंदूला ते काही किंमत देत नसत. तो आकड्याने नाकावाटे काढून टाकीत. हृदय मात्र जागीच ठेवीत, कारण परलोकी न्यायाच्या वेळी त्याचेच वजन होणार, असे ते मानीत. मग नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुमारे ४० दिवस वाळवीत आणि तेल व राळ लावून तागाच्या पट्ट्यांत गुंडाळीत. या सगळ्याला ७० दिवस लागत. बेरेशीथच्या शेवटच्या अध्यायात याकोबाच्या देहाला मसाला लावण्यास ४० दिवस लागले व मिसरी लोकांनी ७० दिवस शोक केला असे आपण वाचतो, ते या रीतीशी जुळते.

रामसेसच्या नाकात काळ्या मिरीचे दाणे सापडले आहेत. ही मिरी दक्षिण हिंदुस्थानची. म्हणजे आपल्या कोकणाच्या खालच्या किनाऱ्यावरचा माल त्या काळी फारोच्या देहापर्यंत पोहोचला होता!

एवढे करूनही राजाला विसावा मिळाला नाही. चोरांनी राजांच्या कबरी फोडल्या, तेव्हा पुजाऱ्यांनी त्याचा देह हलवीत हलवीत शेवटी साध्या लाकडी पेटीत घालून इतर राजांबरोबर एका खडकातील भुयारात लपविला. तो १८८१ साली सरकारच्या हाती आला व १८८६ साली त्याच्या पट्ट्या सोडविण्यात आल्या. १९७६ साली बुरशीवर उपचारासाठी त्याला पॅरिसला नेले, आणि २०२१ साली कैरोतील नव्या संग्रहालयात त्याची मिरवणूक निघाली. आज तिकीट काढून कोणीही त्याला पाहू शकतो.

योसेफाच्या देहालाही मिसरात मसाला लावून त्याला पेटीत ठेवले होते. पण त्याने आपल्या भावांकडून शपथ घेतली होती की देव तुमची सुटका करील तेव्हा माझ्या अस्थी येथून न्या. मोशेने त्या बरोबर घेतल्या. रामसेसला मिसरात कायमचे राहायचे होते, योसेफाला तेथून निघायचे होते. आणि आपली रीत तर त्याहून साधी: देहाला स्नान घालून, पांढरे वस्त्र नेसवून, काही न काढता तो लवकर मातीला द्यावा.

रामसेसचा मुलगा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास, इस्राएलचे नाव येते. मिसरी लेखांत आपले इतके जुने नाव दुसरीकडे खात्रीने सापडलेले नाही. तेथे लिहिले आहे की इस्राएलचे बीजच उरले नाही. येत्या पेसाहला मुलांना हे अवश्य सांगावे.