एका मृत्युपत्राची तेवीस वर्षे

१८९७ सालचा ऑगस्ट महिना. पुण्यात प्लेगची दहशत पुरती ओसरलेली नव्हती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सरकारची नजर 'केसरी'कर्त्यांवर खिळली होती. २७ जुलैला टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. खटला महिन्यावर येऊन ठेपलेला. वकील गाठायचे, पैशाची तजवीज करायची, बचावाची दिशा ठरवायची, 'केसरी'चे पुढे काय ते पाहायचे. अशा वेळी पुण्यात त्यांचा एक मित्र पटकीने अंथरुणाला खिळला होता.

मित्राचे नाव वासुदेव हरिहर पंडित. पुणे त्यांना श्री बाबामहाराज म्हणून ओळखत असे. पहिल्या दर्जाचे सरदार, कोल्हापूरकडे इनामे, पुण्यात वाडा आणि या सगळ्यावर कर्जाचा चांगलाच बोजा. पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज विशीच्या आतली, आणि गरोदर. ७ ऑगस्टला बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी ते गेले.

या एका वाक्यात सगळी गोष्ट आहे. मृत्युपत्राची तारीख आणि मृत्यूची तारीख एकच. बँकेत चाकरी केलेल्या माणसाला असा कागद पाहिला की पोटात गोळा येतो. कागद कायद्याने खरा असतो, सह्या खऱ्या असतात, तरी त्याच्या अक्षराअक्षरात घाई दिसत असते. सावकाश बसून विचार करायला, बायकोशी बोलायला, ज्याच्यावर भार टाकायचा त्याला तू हे करशील का म्हणून विचारायला वेळच उरलेला नसतो.

मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा होता. मालमत्तेचा कारभार विश्वस्तांनी पाहावा. पत्नी गरोदर आहे. मुलगा न झाला किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या सल्ल्याने तिच्या मांडीवर दत्तक द्यावा आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनीच कारभार करावा. विश्वस्तांत टिळक होते, त्यांचे स्नेही अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, कुंभोजकर होते. नेमलेल्या सगळ्यांनीच हे ओझे घेतले नाही. टिळकांनी घेतले. मरणाऱ्या मित्राला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द म्हणजे टिळकांच्या लेखी दस्तऐवजापेक्षा पक्का.

टिळकांना कायदा नवा नव्हता. १८५६ साली रत्नागिरीला जन्मलेला हा माणूस सोळाव्या वर्षी पितृछत्र गमावून बसला, चुलत्यांच्या आधाराने शिकला आणि १८७९ साली एलएल.बी. झाला. वकिली मात्र केली नाही. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा', पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९० साली सोसायटीतून बाहेर. त्यानंतर पोटासाठी त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले. हिंदू कायद्यातले दत्तकविधान हा तिथे शिकवायचाच विषय. म्हणजे बाबामहाराजांनी माणूस निवडला तो चुकीचा नव्हता. वेळ मात्र चुकीची होती.

१४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते तुरुंगात असतानाच, १८९८ च्या जानेवारीत ताईमहाराजांना मुलगा झाला आणि मार्चमध्ये तो गेला. ज्या शक्यतेचा मृत्युपत्रात ओझरता उल्लेख होता, तीच आता एकमेव वाट उरली. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटून आले ते या गुंत्यात.

विश्वस्तांनी आधी कर्जाकडे पाहिले. कर्ज फेडायचे तर खर्चाला कात्री लावणे आले आणि कात्री लागली ती वाड्याच्या खर्चाला. आपण टिळकांच्या बाजूने ही कथा वाचत आलो आहोत, पण क्षणभर त्या मुलीच्या बाजूने पाहा. नवरा गेला, तान्हे मूल गेले, घर स्वतःचे असून घरातला पैसा परक्या पुरुषांच्या हाती. ते कितीही सचोटीचे असोत, तिला मोजून पैसे देणार ते. तिच्या मांडीवर कोण बसणार तेही तेच सुचवणार. नवऱ्याने जाण्यापूर्वी तिला हे नीट समजावून सांगितले असते, तिच्या नावाने काही ठरावीक रक्कम वेगळी काढून ठेवली असती, तर कदाचित पुढचे महाभारत टळले असते. 'कदाचित' म्हणतो, कारण मोठ्या घरांना सल्लागारांची कधीच वाण नसते आणि इस्टेट अल्पवयीन वारसाच्या नावे असली की त्यांची संख्या वाढते.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताईमहाराज निजामाच्या मुलखात औरंगाबादेला गेले. तिथे पंडित घराण्याच्या एका शाखेतला जगन्नाथ नावाचा लहान मुलगा पसंत पडला आणि २८ जून रोजी दत्तकविधी झाला. मंडळी पुण्याला परतली आणि वारे फिरले. वाड्याचा कारभार पाहणारे नागपूरकर आणि इतर काहीजण यांचे म्हणणे वेगळे पडले. औरंगाबादेत मुलगा फक्त पाहिला, दत्तक घेतलाच नाही, अशी ताईमहाराजांनी भूमिका घेतली. मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करावे असा अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे गेला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरला दुसरा मुलगा, बाळामहाराज, दत्तक घेतला. कोल्हापूर दरबारचे वजन या दुसऱ्या दत्तकाच्या पारड्यात होते. वेदोक्ताच्या वादामुळे टिळक आणि शाहू महाराज यांच्यात त्या वेळी काय विस्तव होता, ते वाचकांना ठाऊकच आहे. घरगुती भांडणात एकदा राजकारण शिरले की ते घरगुती राहत नाही.

जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढे अर्ज चालला. प्रश्न साधा होता: प्रोबेट ठेवायचे की काढायचे? पण ॲस्टनसाहेबांनी टिळकांचीच अशी उलटतपासणी केली की अर्जदार कोण आणि आरोपी कोण, हा भेद पुसला गेला. ३ एप्रिल १९०२ च्या निकालाने प्रोबेट तर गेलेच, शिवाय टिळकांवर फौजदारी आरोप लागले. आरोपांत खोटी साक्ष होती, बनावट कागदाची गोष्ट होती. पुढे प्रोबेटचा निकाल उच्च न्यायालयाने फिरवला, पण फौजदारी थांबली नाही. मित्राच्या मृत्युपत्रातून एक पैही न घेतलेला माणूस मृत्युपत्रापायीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

हा काळ टिळकांच्या आयुष्यातला फार कठीण आहे आणि चरित्रकार मंडाले गाठायच्या घाईत त्यावरून जरा लवकर पुढे सरकतात असे मला वाटते. राजद्रोहाची शिक्षा भूषण म्हणून मिरवता येते. खोट्या साक्षीची शिक्षा हा कलंक असतो. विधवेची इस्टेट लाटणारा, असे विरोधकांनी उघड म्हणावे आणि स्नेह्यांनी मनातल्या मनात शंका घ्यावी, असे ते दिवस. १९०३ सालीच त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. त्याच वर्षी 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोर्टाच्या तारखा, घरातले मरण आणि उत्तर ध्रुवावरचे वेदकालीन आकाश, हे सारे एका डोक्यात एकाच वेळी कसे राहत असेल?

२४ ऑगस्ट १९०३ रोजी मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड सुनावला. अपिलात सेशन्स जज्ज ल्युकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांना बेड्या घालून येरवड्याला नेले, जामीन झाल्यावर सोडले. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी शिक्षा रद्द केली. दरम्यान ताईमहाराज स्वतः हे जग सोडून गेल्या होत्या. वादी गेली, वाद राहिला.

दिवाणी दावा उरला होता. खरा दत्तक कोण, जगन्नाथ की बाळामहाराज? १९०६ साली पुण्याच्या कोर्टात जगन्नाथाच्या बाजूने निकाल लागला. १९१० साली उच्च न्यायालयाने तो फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तिथे ते 'गीतारहस्य' लिहीत होते आणि तिथेच १९१२ साली सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना कळली. उच्च न्यायालयाच्या निकालाचा अर्थ दाव्यापुरता नव्हता. औरंगाबादेत दत्तक झालाच नाही म्हणजे टिळक आणि खापर्डे खोटे बोलले, असा त्यातून ध्वनी निघत होता. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे हिंदुस्थानातल्या असंतोषावरचे पुस्तक आले आणि त्यातही या प्रकरणाचा डाग टिळकांवर उडवलेला होता.

अपील लंडनला प्रीव्ही कौन्सिलकडे गेले. जून १९१४ मध्ये टिळक सुटून आले आणि मार्च १९१५ मध्ये निकाल लागला. औरंगाबादचा दत्तक खरा ठरला. इतकेच नाही, तर प्रतिष्ठित माणसांवर आरोप न ठेवता त्यांना खोटे ठरवण्याच्या खालच्या कोर्टाच्या रीतीवर प्रीव्ही कौन्सिलने स्पष्ट नापसंती दाखवली. टिळकांना याचे समाधान फार मोठे असणार. पण १९०१ साली मांडीवर बसवलेला पोरगा आता विशीतला तरुण झाला होता. त्याचे बालपण दाव्याच्या कागदांत गेले, इस्टेटीचा पैसा दोन्हीकडच्या वकिलांत गेला.

बरे, निकाल मिळाला म्हणजे मालमत्ता मिळाली असे नसते. कोल्हापूर संस्थानातल्या इनामांवर ब्रिटिश हद्दीतल्या हुकमाची सत्ता सरळ चालत नव्हती. मालमत्ता दोन राज्यांत विखुरलेली असली की वारसाला दोन दारे ठोठवावी लागतात. आजही मुलगा न्यू जर्सीत, फ्लॅट ठाण्यात आणि शेती गावाकडे असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. बँकेच्या काउंटरवर 'साहेब, नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?' हा प्रश्न शेकड्यांनी ऐकला आहे. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे ज्याच्या हातात द्यायचे तो माणूस. ते पैसे कोणाचे, हे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी लावता येऊ लागले, तरी हा फरक पुसला गेलेला नाही. आणि मृत्युपत्र करणे ही अवघड गोष्टही नाही. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर स्पष्ट लिहावे, सही करावी, दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सह्या कराव्यात. मन बदलले तर नवे करावे. एवढे असूनही आमच्या मध्यमवर्गीय घरात हा विषय काढला की बायको 'अशुभ बोलू नका' म्हणते आणि मुलगा टीव्हीचा आवाज मोठा करतो. विम्याचा हप्ता भरताना कोणाला अशुभ वाटत नाही, ही गंमत आहे. कारभारी म्हणून ज्याचे नाव घालायचे त्याला आधी विचारावे, हेही फार थोड्यांना सुचते.

टिळकांकडे परत येऊ. १९१८ साली ते चिरोलविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठी विलायतेला गेले. ताईमहाराज प्रकरण तिथे पुन्हा उगाळले गेले. १९१९ च्या आरंभी दावा हरले आणि लाखांत गेलेला खर्च लोकांनी वर्गणी काढून उभा केला. जुलै १९२० मध्ये ते मुंबईला सरदारगृहात येऊन उतरले, त्यातही या जुन्या प्रकरणाचे उरलेसुरले काम होतेच. तिथे त्यांना ताप आला. १ ऑगस्टला ते गेले. बाबामहाराजांच्या मृत्यूला तेवीस वर्षे पुरी व्हायला सहा दिवस कमी होते. दिलेला शब्द त्यांनी अक्षरशः मरेपर्यंत पाळला. स्वतःचा छापखाना, स्वतःची दोन पत्रे, दोन तुरुंगवास सांभाळून पाळला. हा हट्ट होता असे म्हणणारे म्हणोत. असा हट्टी विश्वस्त मिळायला भाग्य लागते.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र निराळेच घडले. गायकवाड वाड्यात टिळकांचे बिऱ्हाड होते आणि तिथेच 'केसरी', 'मराठा' आणि छापखाना. बापाचे घर कुठे संपते आणि लोकांची संस्था कुठे सुरू होते, हे ते हयात असेतो कोणी विचारले नाही. विचारायचे कारणही पडले नाही, कारण दोन्ही तेच होते. ते गेल्यावर रामभाऊ आणि श्रीधरपंत ही मुले एका बाजूला आणि 'केसरी'चे विश्वस्त दुसऱ्या बाजूला, असा वाद पेटला आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. मतभेद पैशांपुरते नव्हते. श्रीधरपंत डॉ. आंबेडकरांचे स्नेही. एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली आणि स्पृश्यास्पृश्यांचे सहभोजन घडवले. वाड्याच्या आतला विरोध त्यांना रोजचा झाला होता.

२५ मे १९२८ रोजी, वयाची बत्तिशीही गाठली नसताना, श्रीधरपंतांनी भांबुर्ड्याजवळ रेल्वेखाली देह टाकला. जाण्यापूर्वी त्यांनी पत्रे लिहून ठेवली. त्यांतले एक बाबासाहेबांच्या नावे होते.