सोळा हजार घरांचा पट आणि एक ३९ आकडी संख्या

इंजिनिअरिंगला रिकर्शन शिकवताना टॉवर ऑफ हनोई येतंच. तीन खांब, लहानमोठ्या चकत्या, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. व्हायव्हात हमखास विचारतात : ६४ चकत्यांना किती चाली लागतील? उत्तर आपण पाठ केलेलं असतं, २^६४ − १ (म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १). हा खेळ कोणी काढला, हे मात्र आमच्या लॅबमध्ये कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

१८८३ साली तो पॅरिसमध्ये विक्रीला आला, तेव्हा त्यावर नाव होतं सयामच्या प्रोफेसर एन. क्लाउस यांचं, कॉलेज ली-सू-स्तियां. असा प्रोफेसर नव्हता आणि असं कॉलेजही नव्हतं. फ्रेंच स्पेलिंगमधली अक्षरं मागेपुढे केली की निघतं ‘आमियांचा लुका’ आणि ‘सें-लुई’. एदुआर लुका मूळचा आमियां गावचा आणि पॅरिसच्या सें-लुई लिसेत गणिताचा मास्तर. (लिसे म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज धरा.) पुढे या खेळाला काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथाही चिकटली. सगळ्या चकत्या हलवून झाल्या की जगाचा शेवट! सेकंदाला एक चाल धरली तरी ५८,४०० कोटी वर्षं लागतात, तेव्हा काळजीचं कारण नाही.

हा माणूस नुसता खेळणी काढणारा नव्हता. २^काहीतरी − १ या रूपाच्या संख्यांचं त्याला अक्षरशः वेड होतं.

जन्म १८४२ चा. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये शिकला, मग पॅरिसच्या वेधशाळेत ल व्हेरिएच्या हाताखाली नोकरी. हा ल व्हेरिए म्हणजे आकडेमोडीने नेपच्यूनची जागा सांगणारा. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झालं तेव्हा लुका तोफखान्यात अधिकारी होता. युद्धानंतर शिक्षकी पत्करली ती कायमची. तोफखाना मात्र डोक्यातून गेला नसावा, कारण १८७५ मध्ये त्याने एक कोडं घातलं : तोफगोळ्यांचा चौकोनी तळाचा ढीग रचायचा आणि तेच सगळे गोळे जमिनीवर बरोबर चौरसात मांडता आले पाहिजेत. एकच गोळा असेल तर प्रश्नच नाही. नाहीतर फक्त २४ थरांचा ढीग चालतो, त्यात ४,९०० गोळे, म्हणजे ७० गुणिले ७०. दुसरं उत्तर नाही, हे पूर्णपणे सिद्ध व्हायला १९१८ उजाडलं.

आता मूळ संख्यांकडे येऊ. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी दिली होती. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांसाठी २^घातांक − १ ही संख्या मूळ येते, याची ती यादी. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ येतेच असं नाही. २^११ − १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९ आहे. मर्सेनच्या यादीत ६७ होता, १२७ होता. त्याने ते कसं ठरवलं ते कळायला मार्ग नव्हता, आणि २^१२७ − १ ही ३९ आकडी संख्या. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून बघायचं म्हटलं, तर सेकंदाला एक भागाकार या वेगाने जवळपास त्या काशीच्या चकत्यांएवढाच वेळ जाईल.

लुकाने भागणं सोडूनच दिलं. त्याची युक्ती १२७ याच लहान संख्येवर करून बघा, कारण १२७ म्हणजे २^७ − १. सुरुवात ३ ने. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. ३ वरून ७, ७ वरून ४७, पुढे २२०७ म्हणजे बाकी ४८, पुढे २३०२ म्हणजे बाकी १६, आणि मग २५४. बाकी शून्य. घातांक ७, म्हणून ७ वजा २, पाच फेऱ्या. पाचवीला शून्य आलं की संख्या मूळ, नाहीतर नाही. एकही अवयव शोधावा लागला नाही! (३, ७, ४७, २२०७ हे आकडे फिबोनाचीच्या मालिकेच्या सख्ख्या भावंडातून येतात. त्या मालिकेला आज लुका संख्या म्हणतात, आणि ‘फिबोनाची मालिका’ हे नाव रूढ करणाराही हाच.)

माझ्यासारख्याला यातला खरा आनंद भागाकारात आहे. २२०७ ला १२७ ने भागायचंच नसतं. बायनरीत लिहा, खालचे सात बिट बाजूला काढा, ते होतात ३१. वरचे उरतात १७. बेरीज ४८, झाली बाकी. सातच्या पलीकडे गेलेला बिट फिरून पहिल्या घरात येतो, एवढंच. लुकाने याचा चक्क खेळ केला. १२७ गुणिले १२७ घरांचा बुद्धिबळासारखा पट, म्हणजे १६,१२९ घरं. प्यादं असेल तिथे एक, रिकाम्या घरात शून्य. एका उभ्या रांगेत दोन प्यादी जमली की ती उचलायची आणि शेजारच्या रांगेत एक ठेवायचं, हा हातचा. पटाच्या कडेबाहेर गेलेलं प्यादं दुसऱ्या कडेने आत. घातांक १२७, म्हणून १२५ फेऱ्या. १८७६ मध्ये त्याने जाहीर केलं की २^१२७ − १ मूळ आहे. पुढची ७५ वर्षं ही माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

पण हे खरं कशावरून? एका माणसाने हाताने केलेला हिशोब. मला वाटतं, १२७ च्या बाबतीत फार घाबरायचं कारण नव्हतं. मध्ये एक जरी हातचा चुकला असता, तर शेवटी शून्य येण्याची शक्यता नगण्य होती. चुकून शून्य येत नाही. उलट त्याच वर्षी त्याने सांगितलं की ६७ वाली संख्या मूळ नाही, मर्सेन चुकला. धोका इथे होता, कारण शून्य न येणं हे हातच्याच्या चुकीनेही होऊ शकतं आणि ती चूक कोणालाच दिसणार नाही. अवयव तर लुकाकडे नव्हतेच. ते १९०३ मध्ये अमेरिकेत फ्रँक कोलने फळ्यावर गुणाकार करून दाखवले : १९३,७०७,७२१ × ७६१,८३८,२५७,२८७. तोंडातून शब्द न काढता, असं सांगतात. लुका बरोबर निघाला, पण ते बघायला तो नव्हता.

१८९१ मध्ये फ्रेंच विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून काचसामान पडलं, एक तुकडा उडून लुकाच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि काही दिवसांत, ३ ऑक्टोबरला, तो गेला. वय ४९. गणितातल्या गमतींवरच्या त्याच्या चार खंडांपैकी शेवटचे दोन तो गेल्यावर छापले गेले. वहीच्या मागच्या पानावर ठिपके जोडून चौकोन करायचा खेळ आपण खेळायचो ना, तो पहिल्यांदा छापणाराही लुकाच.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डी. एच. लेमरने चाचणी आणखी सोपी केली : ३ ऐवजी ४ ने सुरू करा, कोणताही विषम मूळ घातांक चालतो. १९५२ मध्ये एका संगणकाने याच चाचणीने वर्षभरात पाच नव्या मर्सेन संख्या काढल्या. १९९६ पासून गिम्प्स नावाच्या प्रकल्पात हौशी मंडळी आपापले पीसी रात्रंदिवस चालू ठेवून शोध घेतात. घरच्यांना विजेचं बिल कसं समजावतात देव जाणे. त्यांचं प्राइम९५ हे सॉफ्टवेअर पीसी जोडणाऱ्यांना प्रोसेसर तापवून बघायला माहीत असतं. २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोषही त्यातूनच उघड झाला. आणि ६७ वाली अडचण तिथेही आहेच. शून्य आलं नाही, तर दोष संख्येचा की रॅमचा? म्हणून शून्य न आलेले निकालही दुसऱ्या मशीनवर पुन्हा तपासायची पद्धत पडली. आता चुका वाटेतच पकडणारी वेगळी चाचणी आधी लावतात, पण नवी संख्या सापडली की शिक्कामोर्तबाला लुका-लेमरच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६,२७९,८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० आकडी आहे, आणि तीही याच चाचणीतून पार झाली.

पायथनमध्ये ही चाचणी पाच-सहा ओळींत बसते. ४ ने सुरू करा, १२५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत वर्ग, वजा २, बाकी. एंटर दाबताच शून्य दिसेल. मग घातांक ६७ टाका, ६५ फेऱ्या, आणि बघा काय येतं.